हिमाचलच्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी कधी जावं?

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउटची मादी याच थंडीत शेपटीने खडी उकरून अंडी घालते. हा मासा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी हौसेपायी आणलेला.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड, पण बरंचसं नितळ असतं. काठाजवळचा एखादा दगड उलटून पाहा. त्याला चिकटलेले किडे हेच माशाचं रोजचं खाणं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी त्याच आकाराची, त्याच रंगाची निवडा. भडक माशी दुकानातच शोभते!

मे-जूनमध्ये उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नदी फुगते, गढूळ होते. त्यामुळे गळ टाकायचा तो भल्या सकाळी. मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे मासा प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून दबा धरतो. म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जावं.

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नये. पावसाच्या गढूळ पाण्यात माशाला माशी दिसत नाही, शिवाय अचानक लोंढा येण्याचा धोका.

खरा हंगाम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पाणी उतरलेलं, काचेसारखं. मासाही विणीआधी खादाड झालेला. फक्त तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका.

मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरायचं तर वेगळी परवानगी लागते.