काळ्या मातीच्या पोटातील कर्ब

बुलडाणा जिल्ह्यातील देऊळघाटच्या पलीकडील डोंगरांत पैनगंगा उगम पावते. अजिंठ्याच्या रांगेतील हा प्रदेश काळ्या कातळाचा, म्हणजेच बेसाल्टचा. उतारावर मुरमाड, हलकी जमीन आणि सखल भागात भारी काळी माती, असे येथील सर्वसाधारण चित्र. कापूस, सोयाबीन, तूर पिकविणारी ही माती आणखी एक काम मुकाट्याने करीत असते. ते म्हणजे कर्ब साठविण्याचे.

जगातील जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. दोन मीटरपर्यंत मोजल्यास हा आकडा २,४०० अब्ज टनांच्या घरात जातो. वातावरणातील कर्ब मात्र सुमारे ८८० अब्ज टन आहे. साहजिकच मातीतील साठ्यात थोडी जरी घट झाली, तरी तिचा परिणाम हवामानावर होतो.

खोल थरांतील कर्ब प्रामुख्याने मुळांवाटे आणि झिरपत्या पाण्याबरोबर खाली जातो. तेथे प्राणवायू कमी असतो, जिवाणूंना ताजे खाद्य मिळत नाही आणि चिकणमातीचे कण कर्बाला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे तो शेकडो, प्रसंगी हजारो वर्षे टिकतो. फ्रान्समधील गवताळ जमिनीत ६० ते ८० सेंटिमीटर खोलीवरील कर्ब सरासरी अडीच हजार वर्षे जुना असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्या मातीत ताजे सेंद्रिय खाद्य मिसळताच जिवाणू जागे झाले आणि जुना कर्बही कुजू लागला.

काळ्या जमिनीचा आणखी एक विशेष आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची माती व पालापाचोळा त्यांत पडतो आणि पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात. अशा रीतीने पृष्ठभागावरील कर्ब खाली पोहोचतो.

सेंद्रिय कर्बाखेरीज या मातीत चुनखडीच्या रूपातील असेंद्रिय कर्बही असतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतीय जमिनींच्या वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये सेंद्रिय कर्ब साडेनऊ अब्ज टन, तर असेंद्रिय कर्ब सुमारे चार अब्ज टन आहे. दीड मीटर खोलीपर्यंत मात्र असेंद्रिय कर्ब सुमारे ३४ अब्ज टन होऊन सेंद्रियाच्या (३० अब्ज टन) पुढे जातो.

हा चुना म्हणजे निव्वळ लाभ नव्हे. बेसाल्टच्या झिजेतून सुटलेल्या कॅल्शियमपासून तो बनला, तर हवेतील कर्ब अडकतो. जुनाच चुना विरघळून पुन्हा साकळला, तर हाती काहीच लागत नाही. शिवाय कोरड्या हवामानात चुना साकळताना मातीतील कॅल्शियम घटते, सोडियमचे प्रमाण वाढते आणि पाण्याचा निचरा मंदावतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांना निचरा न होणाऱ्या जमिनीचा हा त्रास चांगलाच परिचित आहे.

खोलवरचा साठा तापमानवाढीपासून सुरक्षित आहे, असा समजही आता टिकलेला नाही. कॅलिफोर्नियातील एका वनात एक मीटर खोलीपर्यंतची माती ४ अंश सेल्सिअसने तापविण्यात आली. साडेचार वर्षांत खालच्या थरांतील कर्ब सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. वनातील निष्कर्ष शेतजमिनीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही इशारा स्पष्ट आहे.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे? तुरीसारखी खोल मुळांची पिके, बांधावरील झाडे, शेणखत, पिकांचे अवशेष न जाळता जमिनीत मुरविणे आणि उतारावर बांधबंदिस्ती करून माती थोपविणे. माती परीक्षणासाठी सहसा १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतचाच नमुना घेतला जातो. पिकाला खत किती द्यावे, हे ठरविण्यास तो पुरेसा असला, तरी कर्बाच्या साठ्याचा हिशेब त्यावरून लागत नाही. कर्ब साठविल्याबद्दल शेतकऱ्यास मोबदला देण्याच्या योजना पुढे येत असताना मोजमाप खोलवर जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.