सराव परीक्षेतले ६४ आणि बोर्डाचे ७१

दहावीचं वर्ष : पालकांसाठी लेखमाला — लेखांक ६

भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी उरकून पोती खरेदी केंद्रांकडे जाऊ लागतात, त्याच सुमारास शाळांमधून दहावीची सराव परीक्षा सुरू होते. निकाल हातात पडला की तुमसर असो वा लाखांदूर, पालकसभेत एकच प्रश्न येतो : "सर, इथं इतके पडले, तर बोर्डात किती पडतील?" सर काहीतरी अंदाज सांगतात. तो आकडा घरी जातो, मामाला-आत्याला फोनवर कळवला जातो आणि मे महिन्यात बोर्डाचा निकाल लागला की त्याच आकड्याशी ताडून पाहिला जातो. कमी पडले तर बोर्डाने गुण कापले, जास्त पडले तर पोराने शेवटच्या महिन्यात कमाल केली. खरं कारण बहुतेक वेळा या दोन्हींपेक्षा साधं असतं आणि ते गुणपत्रिकेच्या हिशेबात दडलेलं असतं.

तो हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, एका विद्यार्थ्याला सराव परीक्षेत ८० पैकी मराठीत ५८, हिंदीत ५६, इंग्रजीत ४०, गणितात ४४, विज्ञानात ५० आणि सामाजिक शास्त्रांत ६० गुण मिळाले. बेरीज ४८० पैकी ३०८, म्हणजे ६४ टक्के. घरात थोडी शांतता पसरते. आता हाच विद्यार्थी मार्चमध्ये अगदी हेच आणि इतकंच लिहून आला, असं धरू. बोर्डाच्या निकालात प्रत्येक विषयाला २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन जोडलं जातं : भाषांची तोंडी परीक्षा, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, गणिताचा गृहपाठ वगैरे. या २० पैकी १८ मिळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तेवढे धरले तर ६०० पैकी ४१६ होतात, म्हणजे ६९.३३ टक्के. शिवाय २०१० पासून टक्केवारी काढताना सहापैकी उत्तम पाच विषय धरले जातात. इंग्रजीचे ५८ बाजूला पडतात आणि ५०० पैकी ३५८ उरतात : ७१.६० टक्के.

म्हणजे एक ओळही जास्त न लिहिता ६४ चे ७१.६० झाले. शेजारच्या घरी "आमच्याने शेवटी शेवटी खूप मेहनत घेतली" असं सांगितलं जातं, आणि घेतलीही असेल. पण हे सात टक्के त्या मेहनतीचे नव्हेत. चित्रकलेच्या शासकीय परीक्षा, खेळ, लोककला यांचे वाढीव गुण तर यात धरलेलेच नाहीत.

त्यामुळे शाळेने टक्केवारी सांगितली की पालकांनी आधी एवढंच विचारावं : ही ८० वर काढलेली आहे की १०० वर? सहा विषयांची आहे की पाच?

हिशेब सोडला तरी एक फरक उरतो, तो तपासणाऱ्या हाताचा. सराव परीक्षेचा पेपर वर्गावर शिकवणारे सर किंवा मॅडमच तपासतात. त्यांना पोराचं अक्षर ओळखीचं असतं, त्याला काय म्हणायचं होतं हेही कळतं. काही शिक्षक 'बोर्डात सुखद धक्का बसू दे' म्हणून हात आखडून गुण देतात, तर काही पोराचा धीर सुटू नये म्हणून सढळ देतात. दोन्हींमागे हेतू चांगलाच असतो आणि दोन्हींमुळे अंदाज चुकतो. बोर्डाची उत्तरपत्रिका मात्र नाव झाकून परक्या शाळेतल्या परीक्षकाकडे जाते. त्याच्यासमोर आदर्श उत्तरपत्रिका असते आणि त्याच्या कामावर नियामक व मुख्य नियामकांची नजर असते. तिथे ओळखीच्या अक्षराचा उपयोग नसतो.

शाळेच्या हातातले गुण आणि परक्या हाताने दिलेले गुण यांत किती अंतर असू शकतं, हे महाराष्ट्राने एकदा ढळढळीतपणे पाहिलं आहे. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे अंतर्गत गुण बंद करण्यात आले. ते विषय पूर्ण १०० गुणांचे लेखी झाले. मार्च २०१८ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. भंडारा जिल्हा ज्या नागपूर विभागीय मंडळात मोडतो, तिथली घसरण आणखी मोठी होती : ८५.९७ वरून थेट ६७.२७. नऊ विभागांत हा तळाचा निकाल. कोकण विभाग ९६ वरून ८८.३८ वर आला, म्हणजे आठ टक्क्यांच्या आतच. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, तेव्हा सगळं खापर अंतर्गत गुणांवर फोडता येणार नाही. पण नवा अभ्यासक्रम कोकणालाही होताच. एकाच बदलाने कोकणात साडेसात टक्के आणि नागपूर विभागात जवळजवळ एकोणीस टक्के पडतात, याचा सरळ अर्थ असा की आपल्याकडची कितीतरी मुलं शाळेच्या गुणांच्या आधाराने काठावरून पार होत होती. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्यात कोरोनाचाही हात होता : २३ मार्चचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले.

सरासरीने दिलेला तो एक पेपर म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची झलक होती. २०२१ मध्ये दहावीची अख्खी परीक्षाच रद्द झाली आणि शाळेचा अंदाज हाच अंतिम निकाल ठरला. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या चाचण्या, सराव परीक्षा आणि गृहपाठावरून आणि २० अंतर्गत मूल्यमापनावरून. १६ जुलै २०२१ ला निकाल लागला : ९९.९५ टक्के. शंभर टक्के गुण मिळवणारे आदल्या वर्षी २४२ होते, या वर्षी ९५७ झाले.

केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) त्याच वर्षी दहावीसाठी जरा वेगळा घाट घातला. ८० पैकी १० गुण घटक चाचण्यांचे, ३० सहामाहीचे आणि तब्बल ४० सराव परीक्षेचे. वर अशी अट, की शाळेची सरासरी तिच्या मागच्या तीन वर्षांतल्या सर्वोत्तम निकालाच्या आसपासच राहिली पाहिजे. 'सराव परीक्षाच तर आहे' म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत हलकं घेणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात कळलं की तीच खरी परीक्षा होती.

बारावीचं सूत्र होतं ३०:३०:४० — दहावीच्या उत्तम तीन विषयांची सरासरी, अकरावीचे गुण आणि बारावीचं वर्ष. निकाल ३ ऑगस्टला लागला, ९९.६३ टक्के. या सूत्रातली एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. २०२१ च्या बारावीची ही मुलं दहावीला कधी होती? २०१९ ला. म्हणजे अंतर्गत गुण काढून घेतलेल्या त्याच कडक वर्षाला. त्यांच्या बारावीच्या लेखी गुणांतला ३० टक्के वाटा राज्यातल्या त्या आखडत्या निकालातून आला. एक वर्ष मागच्या किंवा पुढच्या तुकडीशी तुलना केली तर हा निव्वळ जन्मतारखेचा खेळ होता.

शाळांनी दिलेले गुण एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, हे सरकारनेही आडून मान्य केलं होतं. म्हणून तर अकरावी प्रवेशासाठी १०० गुणांची ऐच्छिक सामायिक परीक्षा २१ ऑगस्टला घेण्याचं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला तो निर्णय रद्द केला आणि प्रवेश अंदाजाच्याच गुणांवर झाले. दहावीच्या त्या तुकडीने आयुष्यातली पहिली बोर्डाची लेखी परीक्षा थेट बारावीला, २०२३ मध्ये दिली. पूर्ण अभ्यासक्रमावर, नेहमीच्या पद्धतीने. निकाल ९१.२५ टक्के.

आपल्याकडे हा एका संकटाच्या वर्षाचा अपवाद होता. इंग्लंडमध्ये मात्र अंदाजी गुणांवर विद्यापीठाचा प्रवेश ठरणं ही रोजची रीत आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती चांगली ठाऊक असते : शिक्षक आधी अपेक्षित श्रेणी कळवतात, विद्यापीठ त्यावर सशर्त जागा देते आणि ऑगस्टमध्ये खरा निकाल आला की ती पक्की होते किंवा जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधक गिल वायनेस यांनी २०१६ मध्ये या अंदाजांची छाननी केली. अंदाज तंतोतंत खरा ठरला होता अवघ्या १६ टक्के विद्यार्थ्यांचा. ७५ टक्क्यांच्या बाबतीत शिक्षकांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त धरलं होतं. आणि ज्यांची गुणवत्ता कमी धरली जाण्याची शक्यता अधिक होती, ती होती गरीब घरांतली हुशार मुलं.

२०२० मध्ये तिथेही परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांचे अंदाज सढळ असतात हे ओळखून तिथल्या नियामक संस्थेने शाळेचा मागचा इतिहास पाहणारं गणिती सूत्र लावलं. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. जिथे एखाद्या विषयाला पाच-सातच मुलं होती, तिथे बहुतांशी शिक्षकांचा शब्द चालला; अशा लहान तुकड्या महागड्या खासगी शाळांत जास्त. आजवर साधारण निकाल देणाऱ्या शाळेतली तल्लख मुलगी मात्र शाळेच्या इतिहासाखाली दबली. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सूत्र गुंडाळावं लागलं. पवनी किंवा मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या छोट्या गावच्या शाळेला हेच सूत्र लावलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना इथल्या कोणत्याही मुख्याध्यापकाला करता येईल.

आता हे सगळं भंडाऱ्याच्या पालकांनी का लक्षात ठेवायचं? कारण आता एकेक टक्का मोजला जातो. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. तोवर तो मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरता होता. साकोली-लाखनीत कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन अर्ज दिला की काम भागत असे. नव्या पद्धतीत दहा पसंतीक्रम भरता येतात आणि पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर ते घ्यावंच लागतं. ८० वर काढलेला सराव परीक्षेचा टक्का डोक्यात ठेवून कोणी घाबरून पहिलीच पसंती खालची भरली, तर चूक महागात पडते. आणि २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के असताना नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांसह पुन्हा तळाशीच होता, हेही विसरून चालणार नाही. सढळ अंदाजावर विसंबून राहण्याची चैन आपल्या विभागाला परवडणारी नाही.

म्हणून सराव परीक्षेनंतर शाळेत गेलात तर 'किती पडतील' हा प्रश्न सोडा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागा. गुण कुठे गेले ते त्यात दिसतं : इंग्रजीचा निबंध लिहिलाच नाही, भूमितीची सिद्धता अर्धी सोडली, इतिहासाचे शेवटचे दोन प्रश्न वेळेअभावी राहिले. यातल्या निम्म्या गोष्टी महिनाभरात दुरुस्त होण्यासारख्या असतात. मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवूनच ती पाहा. सरांसमोर आकड्यावरून रागवू नका.

आणि मे महिन्यात अंदाज आणि निकाल यांत खरोखरच न पटणारी तफावत दिसली, तर नुसतं हळहळत बसू नका. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर पाहिलं जातं. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, त्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेतला जात नाही. आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांतच तो करावा लागतो. छायाप्रत हातात आली की आधी ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मगच पैसे भरा. अकरावीचे पसंतीक्रम कसे भरायचे, ते पुढच्या आठवड्यात.