अमेरिकेचा व्हिसा व ग्रीन कार्ड : कुटुंबीयांचे नेहमीचे प्रश्न



आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज अमेरिकेत शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. काहीजण तेथील नागरिकही झाले आहेत. त्यामुळे कार्यक्रम संपून चहापान सुरू झाले की हमखास विचारणा होते, "आम्हाला तिकडे नेता येईल का?" अर्धवट माहितीवर काहीजण एजंटाला पैसे देऊन बसतात, तर काहीजण हातचा हक्क गमावतात. म्हणून नेहमीचे प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. व्हिसा म्हणजे ठरावीक कारणासाठी त्या देशात प्रवेश मागण्याची परवानगी. ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहण्याचा व काम करण्याचा हक्क. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी असून ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारणतः ५ वर्षांनी त्यासाठी अर्ज करता येतो.

प्रश्न : माझ्या मुलाला ग्रीन कार्ड मिळाले आहे. तो आम्हा आई-वडिलांसाठी अर्ज करू शकतो का?

उत्तर : नाही. त्यासाठी मुलगा अमेरिकेचा नागरिक व किमान २१ वर्षांचा असावा लागतो. ग्रीन कार्डधारकास फक्त पती किंवा पत्नी आणि अविवाहित मुले यांच्यासाठीच अर्ज करता येतो. नागरिकाचे आई-वडील, पती किंवा पत्नी व २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मात्र आई व वडील यांचे अर्ज स्वतंत्र करावे लागतात आणि त्यांच्या अर्जावर धाकट्या भावंडांना नेता येत नाही.

प्रश्न : भावाने बहिणीसाठी अर्ज केला तर किती वर्षे लागतात?

उत्तर : भाऊ नागरिक व २१ वर्षे पूर्ण केलेला हवा. या वर्गाला वार्षिक मर्यादा आहे आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग सुमारे दोन दशकांची झाली आहे. नंबर लागल्यावर बहिणीसोबत तिचा पती व २१ वर्षांखालील अविवाहित मुले जाऊ शकतात. परंतु अर्ज केला तेव्हा पाच वर्षांचा असलेला मुलगा तोवर पंचविशीत पोहोचतो. २००२ च्या कायद्याने थोडा दिलासा दिला. अर्ज मंजूर होण्यास जितका काळ लागला, तेवढा मुलाच्या वयातून वजा होतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत.

प्रश्न : ग्रीन कार्डधारक वडिलांनी मुलीसाठी अर्ज केला आहे. आता तिचे लग्न ठरले आहे. काय होईल?

उत्तर : येथेच अनेक कुटुंबांचे नुकसान होते. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलीसाठी कोणताही वर्ग नाही. लग्न होताच अर्ज रद्द होतो. वडील लग्नापूर्वी नागरिक झाले असल्यास अर्ज टिकतो, फक्त नागरिकाच्या विवाहित अपत्यांच्या लांब रांगेत जातो. म्हणून लग्नाची तारीख ठरविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ही बाब विचारात घ्यावी, मुलीलाही स्पष्ट सांगावी. लग्न लपविणे हा उपाय नव्हे, ती फसवणूक आहे.

प्रश्न : नागरिक असलेल्या बहिणीने माझ्यासाठी अर्ज केलेला आहे. विद्यार्थी व्हिसाच्या फॉर्मवर ते लिहू का?

उत्तर : अवश्य लिहावे. तसा प्रश्न फॉर्ममध्येच असतो. विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर परतण्याचा आपला इरादा पटवून द्यावा लागतो, म्हणून अधिकारी अधिक चौकशी करतील. पण अर्ज आहे म्हणून नकार मिळेलच असे नाही. खोटे बोलल्याचे सिद्ध झाल्यास मात्र अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. विद्यार्थ्यासोबत पती किंवा पत्नी व लहान मुले जाऊ शकतात, पण त्यांना नोकरी करता येत नाही. आई-वडिलांना केवळ पर्यटक म्हणून भेटीस जाता येते.

प्रश्न : कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

उत्तर : जन्माचा दाखला, पासपोर्ट आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. विहारात विधिपूर्वक लग्न झाले व संस्थेने दाखला दिला, तरी तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाह निबंधकाकडे नोंदणी करून घ्यावी. जुन्या पिढीतील अनेकांकडे जन्मदाखला नसतो. अशा वेळी नोंद नसल्याचा सरकारी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला व नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे उपयोगी पडतात. नावाचे स्पेलिंग व आडनाव सर्वत्र एकच आहे ना, हे आजच तपासावे. बोलावणाऱ्यालाही आर्थिक हमी द्यावी लागते. त्याचे उत्पन्न सामान्यतः तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते.

प्रश्न : लॉटरीत ग्रीन कार्ड लागते म्हणतात, ते खरे काय?

उत्तर : तशी योजना होती, पण भारतात जन्मलेल्यांना तिच्यात सर्वसाधारणपणे स्थानच नव्हते. कोणी त्यासाठी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

शेवटी एवढेच सांगणे की, नियम व शुल्क बदलत असतात. सरकारी फॉर्म विनामूल्य मिळतात आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा जाहीर करते. अर्जाची पावती जपून ठेवावी, पत्ता बदलल्यास कळवावे आणि गुंतागुंतीच्या प्रकरणी जाणकार वकिलाचाच सल्ला घ्यावा. घरातील एकाने जरी हे नीट वाचून इतरांना समजावून सांगितले, तरी पुष्कळ मनस्ताप टळेल.