मांजराला फिट येते तेव्हा...

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात हत्ती-घोड्यांच्या वैद्यकावरचे जुने ग्रंथ आहेत. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचाही अभ्यास होई. आज या परिसरातल्या घरांत हत्ती-घोडे नाहीत, मांजरे मात्र आहेत. असे एखादे लाडके मांजर एकाएकी आडवे पडते, पाय झाडते, तोंडातून लाळ गळते. घरातले घाबरतात. आता हे वाचत नाही, असे वाटते. पण फिट म्हणजे शेवट नव्हे. नियमित औषधाने अशी मांजरे वर्षानुवर्षे चांगली जगू शकतात.

फिट आल्यावर काय कराल?

कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाणी पाजू नका. तोंडात बोट किंवा चमचा घालू नका. शुद्ध नसलेले मांजर कडकडून चावते. जिन्याच्या कडेपासून त्याला दूर सरकवा, दिवे मंद करा आणि घड्याळ पाहा. फिट पाच मिनिटांहून अधिक लांबली किंवा २४ तासांत पुन्हा आली, तर तडक डॉक्टर गाठा. एरवीही पहिल्या फिटनंतर तपासणी हवीच. जमल्यास मोबाइलवर चित्रण करून ठेवा; डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

रक्ततपासणीतून मूत्रपिंड, यकृत आणि साखर यांची स्थिती कळते. कुत्र्यांच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यानेही झटके येतात. मांजर एकाएकी आक्रमक झाले असेल, तर रेबीजची शंका घ्यावी. ते चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जा.

औषधाची वेळ चुकवू नका

मांजरांसाठी बहुधा फिनोबार्बिटोन दिवसातून दोनदा देतात. सुरुवातीला मांजर पेंगते, झोकांड्या खाते, त्याची भूकही वाढते. हे सहसा काही दिवसांत ओसरते. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातील औषधाचे प्रमाण तपासून मात्रा ठरवतात. याने भागले नाही, तर लेव्हेटिरासिटाम देतात. कुत्र्यांना चालणारे पोटॅशियम ब्रोमाइड मांजराच्या फुप्फुसांना अपाय करते, तर डायझेपामच्या गोळ्यांनी यकृत निकामी होऊ शकते. म्हणून घरातल्या माणसाची किंवा शेजारच्या कुत्र्याची गोळी कधीही देऊ नका.

घरोघरी होणारी मोठी चूक वेगळीच आहे. दोन महिने फिट आली नाही की गोळ्या बंद होतात! औषध अचानक तोडल्यास फिट पूर्वीपेक्षा जोरात उलटते. म्हणून गोळी देण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवा आणि कॅलेंडरवर खूण करा. लग्नाकार्याला गावी जाण्यापूर्वी साठा तपासा, कारण हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही. गोळी माशाच्या तुकड्यात दडवली की मांजर कुरकुर न करता खाते.

सरफोजीराजांनी जिथे मुक्तांबाळ छत्र बांधले, त्या तंजावूरजवळच्या ओरतनाडूला २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांकडे जाताना फिटच्या तारखा लिहिलेली वही सोबत न्या. फिट पूर्ण थांबली नाही तरी निराश होऊ नका. तिच्यातले अंतर वाढले, हेही उपचाराचे यशच आहे.