मतदाराला काय कळते?

निवडणुकीचा निकाल लागला, की आपल्या दिवाणखान्यांतून एक वाक्य हटकून ऐकू येते : "लोकांना काही कळत नाही हो!" हे बोलणारा गृहस्थ बहुधा पडलेल्या उमेदवाराच्या बाजूचा असतो. आणि गंमत अशी, की त्याला त्याच्या वॉर्डाच्या नगरसेवकाचे नाव विचारले, तर तो चहाच्या कपात पाहू लागतो!

मी जळगावचा, सासुरवाडी धुळ्याची. त्यामुळे दोन्हीकडच्या निवडणुकांची चर्चा मला जेवणाच्या पानावर आयतीच मिळते. ती ऐकून माझे मत जरा निराळे झाले आहे.

१९५७ सालचीच गोष्ट घ्या. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आडोशाला जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. लिहिता-वाचता न येणारे पुष्कळ. तरी पूर्व खानदेशाने लोकसभेवर कोणाला पाठवले? नौशेर भरुचा या मुंबईच्या पारशी वकिलांना! ते ना लेवा पाटील, ना मराठा, ना इथल्या कुणाचे सोयरे. पश्चिमेला धुळ्यात जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. त्या साली साऱ्या देशात जनसंघाला अवघ्या ४ जागा मिळाल्या, त्यांतली ही एक. दोघांच्याही मागे बळ होते ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक राज्य माथी मारले गेले होते आणि त्याचा राग घराघरांत धुमसत होता. भरुचांचे विचार किती जणांनी वाचले असतील? फारच थोड्यांनी. पण मुंबई महाराष्ट्राला हवी, एवढे एक लोकांना पक्के ठाऊक होते आणि तेवढ्यावर पेट्या भरल्या.

योगायोग पाहा, त्याच १९५७ साली अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक ग्रंथ निघाला. लाखांतल्या आपल्या एका मतासाठी माहिती जमवण्याचा खटाटोप सामान्य माणूस करीत नाही आणि त्याचे हे अज्ञान मूर्खपणाचे नसून हिशेबी असते, असे त्याने मांडले. आमचा शेतकरी कापसाचा भाव रोज विचारतो. खासदाराने दिल्लीत काय विचारले, याची चौकशी करीत नाही. त्याला अडाणी कसे म्हणावे?

मग हा माणूस मत देतो तरी कशावर? पुष्कळदा चिन्हावर. २०१९ मध्ये जळगावात भाजपने स्मिता वाघ यांचे नाव जाहीर केले आणि ऐन वेळी ते बदलून उन्मेष पाटील यांना उभे केले. पाटील चार लाखांहून अधिक मतांनी विजयी! २०२४ पर्यंत ते पक्ष सोडून गेले होते. वाघ उभ्या राहिल्या आणि त्याही अडीच लाखांहून अधिक मतांनी आल्या. माणसे बदलली, कमळ तेच. चिन्हाचा घोटाळाही होतो म्हणा. २०२४ ला शेजारच्या दिंडोरीत 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन भास्कर भगरे उभे होते. नुसती 'तुतारी' मिळालेल्या, आडनावाने भगरेच असलेल्या एका अपक्षाला लाखावर मते पडली! खरे भगरे तरीही निवडून आले, हे त्यांचे नशीब.

पण निकाल नुसत्या मतांनी लागत नाही, बेरजेनेही लागतो. २०१९ ला मुक्ताईनगरात रोहिणी खडसे पडल्या, त्या अवघ्या १,९५७ मतांनी. (आकडा तरी कसा नेमका!) विरोधी मते एका अपक्षाच्या मागे एकवटली होती. २०२४ ला धुळ्यात तर कमालच झाली. लोकसभेच्या सहा विभागांपैकी पाचांत सुभाष भामरे पुढे होते. सहावा विभाग यंत्रमागांच्या मालेगावचा, मालेगाव मध्य. तिथे त्यांना पाच हजारांच्या आत मते आणि शोभा बच्छाव यांना जवळजवळ दोन लाख! शेवटी बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. माझे धुळ्याचे मेहुणे त्या दिवशी जेवलेच नाहीत. मतदानाच्या दिवशी मात्र उन्हाचे कारण सांगून ते घरीच बसले होते.

त्याच लोकसभेत राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने घेतल्या. नोव्हेंबरात विधानसभेला जळगाव जिल्ह्यातल्या ११ आणि धुळे जिल्ह्यातल्या ५, अशा सोळाच्या सोळा जागा महायुतीकडे गेल्या! मधल्या काळात पुष्कळ काही घडले. त्यात महिन्याला १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना होती. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी विचारले, "उमेदवाराचे नाव तरी माहीत आहे का?"

"आम्हले बठ्ठं माहीत शे, भाऊ," त्या म्हणाल्या. नाव त्यांना आठवेना. पण किती हप्ते आले, कोणत्या तारखेला आले, जावेचा अर्ज कोणत्या कागदासाठी अडला, हे सगळे त्यांनी धडाधड सांगितले. निकालानंतर काही महिन्यांनी त्या सौ.ला विचारीत होत्या, "वहिनी, ते एकवीसशे देणार होते, त्यांचं काय झालं?"

सौ.ने माझ्याकडे बोट दाखवले. मी वर्तमानपत्र उघडून बसलो.