बातमी जरा मुरू द्यावी

१५ एप्रिल २०१३. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दोन बॉम्बस्फोट झाले. तीन जण मृत्युमुखी पडले, अडीचशेहून अधिक जखमी झाले. पुढचे काही दिवस अमेरिकेतल्या वाहिन्यांवर जवळपास दुसरा विषयच नव्हता. तीच दृश्यं, त्याच किंकाळ्या, पुन्हा पुन्हा.

या घटनेनंतर दोन ते चार आठवड्यांत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ४,६७५ प्रौढांची पाहणी केली. निष्कर्ष चकित करणारा होता. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. नको ते विचार सतत मनात येणं, सारखं दचकल्यासारखं वाटणं, अशी ही लक्षणं होती. घटना घडली बोस्टनमध्ये, पण तिचा ताण घराघरांतल्या पडद्यांवरून दूरवर पोचला.

अर्थात, आधीच घाबरलेला माणूस जास्त बातम्या पाहतो, असंही असू शकतं. याच संशोधकांच्या गटानं पुढं तीन वर्षं काही हजार लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा दोन्ही बाजू खऱ्या असल्याचं दिसलं. बातम्यांच्या माऱ्यानं चिंता वाढते आणि चिंता वाढली, की पुढच्या दुर्घटनेच्या वेळी माणूस आणखी बातम्या पाहतो. हे चक्र एकदा सुरू झालं, की थांबवणं अवघड जातं.

इतकं पाहून निदान माहिती तरी पक्की मिळते का? बोस्टनमध्ये दोनच दिवसांनी संशयिताला अटक झाल्याचं काही मोठ्या माध्यमांनी जाहीर केलं. तेव्हा कुणालाच अटक झालेली नव्हती. घाईत चूक होते आणि चूक खऱ्यापेक्षा वेगानं पसरते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला गेला. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. दोष यंत्रांचा नव्हता. काहीतरी नवं, धक्कादायक दिसलं, की माणसंच ते पुढं ढकलत होती.

आरोग्याच्या बातम्यांत ही घाई थेट जिवाशी येऊ शकते. करोनाच्या पहिल्या लाटेतलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं उदाहरण बोलकं आहे. सुरुवातीला हे मलेरियाचं औषध करोनावर जणू रामबाण असल्याचा गाजावाजा झाला. मग २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध आला. या औषधामुळं करोना रुग्णांच्या मृत्यूचा धोका वाढत असावा, असा त्याचा सूर होता. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. ३ जूनला तो पुन्हा सुरू झाला. ४ जूनला तो शोधनिबंधच मागं घेण्यात आला, कारण त्यामागच्या माहितीची खातरजमा होऊ शकली नाही. लगेच ५ जूनला ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला: रुग्णालयात दाखल रुग्णांना या औषधाचा फायदा होत नाही.

रोजच्या बातम्या वाचणाऱ्याच्या मनात त्या दोन आठवड्यांत किती उलथापालथ झाली असेल! ज्यानं हे सगळं जूनच्या अखेरीस एकाच सविस्तर लेखात वाचलं, त्याला मात्र औषधाचंही कळलं आणि विज्ञान स्वतःच्या चुका कशा दुरुस्त करतं, हेही.

संथ पत्रकारितेचा, म्हणजेच ‘स्लो जर्नालिझम’चा विचार हाच आहे. हे नाव ‘स्लो फूड’ चळवळीच्या धर्तीवर पडलं. ती चळवळ १९८६मध्ये रोममध्ये फास्टफूडचं दुकान उघडण्याला झालेल्या विरोधातून इटलीत उभी राहिली. ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेलं ‘डिलेड ग्रॅटिफिकेशन’ हे त्रैमासिक तीन महिन्यांपूर्वीच्या घटनांकडे पुन्हा वळतं आणि धुरळा बसल्यावर काय उरलं, ते सांगतं. अमेरिकी पत्रकार पॉल सालोपेक जानेवारी २०१३मध्ये इथिओपियातून पायी निघाले. आदिमानव जगभर ज्या वाटांनी पसरला, त्या वाटांवरून चालत, भेटणाऱ्या माणसांच्या कहाण्या ते लिहितात. या प्रवासात त्यांनी भारतही पायी ओलांडला. आपल्याकडे पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ऊसतोड मजूर, आशा कार्यकर्त्या, विणकर यांच्या जगण्याची सविस्तर नोंद घेते, आणि ती मराठीतही वाचायला मिळते.

मुरलेली बातमी म्हणजे शिळी बातमी नव्हे. लोणचं मुरायला वेळ लागतो, तो वाया जात नाही. पण या पत्रकारितेला मर्यादाही आहेत. तिला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात, त्यामुळं ती थोड्याच विषयांना न्याय देऊ शकते. आणि धरणातून पाणी सोडलं जात असेल, गावात गॅस्ट्रोची साथ आली असेल, तर बातमी तत्काळच कळायला हवी. तिथं थांबणं धोक्याचं ठरेल.

म्हणून प्रश्न एवढाच विचारावा: या बातमीवर मला आज काही करायचं आहे का? असेल, तर ती लगेच, अधिकृत ठिकाणाहून घ्यावी. नसेल, तर तिला चार दिवस द्यायला हरकत नाही. करोनाकाळात जागतिक आरोग्य संघटनेनंही दिवसातून एक-दोनदाच, ठरावीक वेळी बातम्या पाहण्याचा सल्ला दिला होता. साथ ओसरली, तरी तो सल्ला आजही लागू पडतो. मोबाइलवरच्या ब्रेकिंग न्यूजच्या सूचना बंद ठेवाव्यात. झोपण्यापूर्वी बातम्या टाळाव्यात. एखाद्या औषधाबद्दल किंवा आहाराबद्दल ‘नवं संशोधन’ वाचलं, तर स्वतःहून गोळ्या बंद किंवा सुरू करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. आठवड्यातून एकदा तरी एखाद्या विषयावरचा मोठा लेख शेवटपर्यंत वाचावा.

एवढं करूनही धास्ती जात नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात संकोच करू नये. जगाची खबर ठेवणं हे जागरूक नागरिकाचं काम आहेच. ते आयुष्यभर निभवायचं, तर स्वतःचं मनही शाबूत राहायला हवं.