पोर्ट लुईसहून : सगळ्यांच्या वाट्याचं बेट

पोर्ट लुईस, मॉरिशस

क्रूझ बोटीतून उतरलेला पाहुणा हे शहर बसच्या खिडकीतून उरकतो. कोदाँ वॉटरफ्रंटवरची दुकानं, ब्लू पेनी म्युझियममधली १८४७ सालची दोन टपाल तिकिटं, किल्ल्यावरून एक फोटो, की बस निघाली किनाऱ्याकडे. त्याला तरी काय दोष द्यायचा? मॉरिशस विकलंच तसं जातं. मी इथे बोटींना किराणा आणि सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे. धक्का, कस्टम आणि गोदाम एवढंच माझं पोर्ट लुईस. शहर पायी बघायचं मनात आलं तेव्हा ऑफिसातल्या मित्राने त्याच्या पुतणीचं नाव सुचवलं. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत ती मराठी घेऊन बी.ए. करते आणि सुटीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या पाहुण्यांना गाव फिरवून हातखर्च सोडवते.

घारापुरीला लाँचमधून उतरलं की पोरं ‘गाइड पाहिजे का’ म्हणत पायऱ्यांपर्यंत मागे येतात, तसला हा मामला नव्हे. एका वेळी एकच पाहुणा किंवा एकच कुटुंब, अर्धा दिवस, आणि वाट ती ठरवणार. पैसे आधी ठरलेले. इथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात जातो, म्हणून आकडा ऐकताना मनातल्या मनात जरा गुणाकार करावा लागला.

‘‘नमस्कार काका. आपण वेळेवर आलात.’’ व्हिक्टोरिया टर्मिनलवर ती समोर आली आणि थेट पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलू लागली. क्रियापदं जागच्या जागी, ‘कृपया’सुद्धा. तेवढ्यात फोन वाजला आणि ती क्रेओलमध्ये इतकी भराभर बोलत सुटली की तिचा खरा आवाज आत्ता ऐकला असं वाटलं. इथली ही घडी एकदा समजून घ्यावी लागते. संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, घरात आणि रस्त्यावर सगळ्यांची क्रेओल. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, चिनी या ‘पूर्वजांच्या भाषा’ म्हणून शाळेत विषय. तिच्या घरी मराठी उरली आहे ती आरतीपुरती आणि आजीच्या चार-दोन शिव्यांपुरती. बाकी सगळी तिने परीक्षा देऊन कमावली.

पण शिकायला पैसे लागले नाहीत. सरकारी विद्यापीठांत पदवीची फी २०१९ पासून माफ आहे, माध्यमिक शाळेची १९७७ पासून, आणि विद्यार्थ्यांना बस फुकट. ही मेहेरबानी नव्हे, हे ती बजावून सांगते. २० मे १९७५ रोजी हजारो विद्यार्थी राजधानीवर चालून निघाले, पोलिसांनी त्यांना ग्रांद रिव्हिएरच्या पुलावर अडवलं, लाठ्या आणि अश्रुधूर झाला. त्याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, फी पाठोपाठ गेली. तिचे आजोबा त्या मोर्चात होते. आजोबांचा विषय निघाला की तिचं पाठ्यपुस्तकी मराठी थोडं सैल होतं.

आप्रवासी घाट बंदराला लागूनच आहे. आधी काही वाचलेलं नसेल तर माणूस हात हलवत परत जाईल असंच ठिकाण. काळ्या दगडाच्या भिंती, स्वयंपाकघराच्या जागा, दवाखान्याचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. १८४९ मध्ये मजूर उतरवून घ्यायचा हा डेपो उभा राहिला. पुढे महामार्ग काढताना त्याचा बराच भाग गेला, आणि उरलेला तुकडा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जाऊन बसला. ब्रिटिशांनी इथली गुलामी १ फेब्रुवारी १८३५ पासून रद्द केली, पण उसाला हात हवेच होते. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून येऊन उतरले होते. नंतर १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणूस आला. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. या कापाकापीला मळेवाल्यांनी ‘डबल कट’ असं नावही देऊन ठेवलं होतं.

कलकत्त्याहून सर्वांत जास्त लोक आले, त्याखालोखाल मद्रासहून, आणि मुंबईहून सर्वांत कमी. मुंबईहून सुटलेल्यांत आपले रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडचे लोक होते. मुंबईसमोरच्या मोऱ्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर जे पाणी दिसतं, त्याच पाण्यातून शिडाची जहाजं त्यांना घेऊन बाहेर पडली आणि आठवडेच्या आठवडे चालत राहिली.

तिने फोनवर एका नोंदीचा फोटो काढून दाखवला. या सगळ्या मजुरांची दप्तरं तिच्याच संस्थेत आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने तीही जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतली. नोंदीत क्रमांक, नाव, बापाचं नाव, जिल्हा, जात, वय, फूट-इंचांत उंची, आणि शेवटी खूण : उजव्या भुवईवर व्रण. कारकुनाचं अक्षर सुबक, स्पेलिंग मनाला येईल तसं. आडनावाचा रकानाच नाही. म्हणून त्या माणसाचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. लक्ष्मण, सखाराम, बाबाजी अशी नावं इथे दारावरच्या पाटीवर आडनाव म्हणून लागलेली दिसतात, तीही अशा स्पेलिंगात की ओळखायला मोठ्याने वाचावी लागतात. तिचं आडनावही त्यातलंच, आणि ते ती अभिमानाने सांगते.

मला वाटलं होतं की इथून आम्ही बाजारात जाऊ. ती मात्र मला जवळच्या जुन्या लष्करी इस्पितळाकडे घेऊन गेली. तिथे आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे, २०२३ मध्ये उघडलेलं. ‘‘घाटाला २००६, याला २०२३. काका, मधली वर्षं आपण मोजा,’’ ती म्हणाली. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्यांच्या वंशजांना, म्हणजे क्रेओल लोकांना, गावाचं नाव सांगणारी अशी नोंद सहसा सापडत नाही. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत सापडली तर सापडली. भारतीय वंशाचे लोक इथे बहुसंख्य आहेत, सत्तेतही तेच जास्त. भारतातून आलेला पाहुणा घाटावर डोळे पुसून परततो आणि या दारात पाऊल ठेवत नाही, ही तिची तक्रार. मी एकटा गेलो असतो तर त्यांच्यातलाच एक ठरलो असतो, आणि बसवाल्या सहलीने तर मला इकडे आणलंच नसतं. विद्यार्थी वाटाड्या घ्यावा तो अशासाठी. त्याला अजून पाहुण्याला खूश ठेवायची सवय लागलेली नसते.

मग सेंट्रल मार्केट. धोल पुरी इथे एक मागितली तरी दोनच मिळतात, जोडीनेच विकायची पद्धत. पुरणपोळीत गुळाऐवजी हळद-जिरं घालून ती कागदासारखी पातळ लाटावी, तशी ही डाळीची पोळी. गाडीवाल्याने डाव्या हातावर कागद, कागदावर दोन पोळ्या घेतल्या, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा एकेक चमचा टाकून गुंडाळी करून दिली. हात एवढा बसलेला की बोलणं एकदाही थांबलं नाही. बिहारी बायकांनी आणलेला हा पदार्थ आता चिनी, मुसलमान, क्रेओल सगळेच खातात.

पैसे देताना तिने नोट माझ्यापुढे धरली. ‘‘हिच्यावरच्या भाषा बघा, कोण आधी, कोण नंतर.’’ १९९८ मध्ये बँक ऑफ मॉरिशसने नव्या नोटा काढल्या, तेव्हा आधी तमिळ होती त्या जागेवर हिंदी आली. तमिळ समाज खवळला. फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोनेच्या काळात, मजुरांच्या शंभरेक वर्षं आधी, पाँडिचेरीकडचे कारागीर इथे येऊन बंदर बांधत होते. मग आमची ओळ खाली कशी, असा त्यांचा सवाल. नोटा मागे घ्याव्या लागल्या, आणि पुढच्या छपाईत तमिळ परत वर आली.

हा देश कळायला मला ती नोट फार उपयोगी पडली. आकाराने आपल्या रायगड जिल्ह्याच्या चौथाईहून थोडा मोठा, वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, आणि सगळा कारभार वाटेहिस्से सांभाळून चाललेला. सुट्ट्यांची यादी बघा : कावडी, महाशिवरात्र, उगादी, ईद, चिनी नववर्ष, ख्रिसमस, दिवाळी. ख्रिस्ती लोकांचे दोन सण जास्तीचे झाले म्हणून एका वर्षी ऑगस्टमधला मेरीचा सण, तर पुढच्या वर्षी नोव्हेंबरमधला सर्व संतांचा, असे पाळीपाळीने. मराठ्यांच्या वाट्याला गणेश चतुर्थी; देशभर सार्वजनिक सुटी. पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावात बसला असं इथली मंडळी सांगतात. गणपतीत आपल्या कोकणात नाचतात ती जाखडी इथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात. शिवाजी महाराजांचा पुतळाही मोक्यात २०२३ च्या एप्रिलमध्ये उभा राहिला. हे सगळं ऐकून मराठी माणसाची छाती फुगणारच, माझीही फुगली. पण वाटा मिळाला म्हणजे भांडण मिटलं असं नसतं, हे कोकणातल्या कुठल्याही सातबाऱ्यावर बघून घ्यावं.

शाँ द मार्स हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, १८१२ पासूनचं, डोंगराच्या कुशीत. १२ मार्च १९६८ ला इथेच युनियन जॅक उतरला आणि चार पट्ट्यांचा झेंडा चढला. हे प्रत्येक माहितीपत्रकात आहे. ती कठड्यावर बसली आणि माहितीपत्रकात नसलेलं सांगू लागली. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात गेली होती. आपलं कसं होणार या धास्तीने कित्येक जण देश सोडून गेले. झेंडा चढायच्या जेमतेम दोन महिने आधी याच शहरात क्रेओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं, आणि शेजारी शेजारी राहणाऱ्या कुटुंबांनी घरं बदलली. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा पुन्हा काही दिवस बेट जळत होतं. तिच्या जन्माच्या आधीची गोष्ट, पण आईने त्या दिवसांत पाण्याच्या बादल्या भरून दाराशी ठेवल्या होत्या हे तिला माहीत आहे. हे सांगताना ती मराठी सोडून इंग्रजीत गेली, आणि मीही तिला परत मराठीत ओढलं नाही.

याच भीतीतून इथल्या निवडणुकीतली एक तरतूद आली आहे, तिला ‘बेस्ट लूझर’ म्हणतात. मतदार ६२ जण निवडून देतात. नंतर ज्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्या समाजाच्या पडलेल्या उमेदवारांतून आणखी आठपर्यंत जण आत घ्यायचे. त्यासाठी उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहायचा : हिंदू, मुस्लिम, चिनी, नाहीतर बाकीच्यांसाठी ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. गंमत अशी की १९७२ नंतर खानेसुमारीत समाज विचारणंच बंद झालं, त्यामुळे आजही हिशेब पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर चालतो. मराठी, तमिळ, तेलुगू हे तिन्ही सुटीपुरते वेगळे. घटनेत ते सगळे हिंदूंच्या रकान्यात. समाज लिहायची सक्ती चुकीची, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये सांगितलं. त्यानंतर २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली आणि पुढे ये रे माझ्या मागल्या. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा नेल्या, तेव्हा हरलेल्यांची माणसं सभागृहात दिसली ती याच तरतुदीच्या दाराने. म्हणून मला ती अगदीच टाकाऊ वाटत नाही. तिला वाटते. तासभर आमची यावरून जुंपली, आणि कठड्यावरचं ऊन कधी पायांवर आलं ते कळलं नाही.

‘‘तू उभी राहिलीस तर त्या रकान्यात काय लिहिशील?’’ मी विचारलं.

‘‘रिकामा ठेवीन.’’

‘‘मग अर्ज बाद होईल.’’

‘‘आईसुद्धा हेच म्हणते. म्हणून मी उभी राहणार नाही, खटला लढवीन.’’

कायद्याच्या प्रवेशाचा अर्ज तिने आणून ठेवला आहे. संस्थेतल्या मराठीच्या मॅडमना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा काका, आपणही कृपया सांगू नये.